जन्मस्थळ : आष्टा

आमच्या घरात मी एकटाच परका होतो. आबा त्या मातीतले, आई लग्न होऊन आलेली म्हणून तीही तिथली, धाकटी बहीण हौसा तर आमच्याच माजघरात जन्मलेली, आणि गोठ्यातली म्हैस बाजारातून आणलेली असली तरी तिच्याबद्दल कधी कोणी चौकशी केली नाही. परका निघालो तो मी, घरातला थोरला मुलगा, आणि तेही वयाच्या अठराव्या वर्षी, माझ्याच हाताने लिहिलेल्या एका शब्दामुळे. पुढे सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले सख्खे भाऊ पाहिले, एका लिंबाच्या झाडावरून तीन पिढ्या भांडत आलेली घराणी पाहिली. पण माझ्या स्वतःच्या हद्दीचा जो घोळ झाला तो या सगळ्यांहून वरचढ होता. आज ऐंशी ओलांडल्यावरही तो आठवला की मला हसू येते.

आमचे गाव बोरखडी, आणि ते होते संस्थानात. दीड कोसावरचे आष्टा, म्हणजे माझे आजोळ, इंग्रजांच्या मुलखात. त्या मुलखाला आमच्याकडे खालसा म्हणत. सांगलीच्या आसपास तेव्हा संस्थानांची गावे अशी विखुरलेली होती, की बैल विकायला निघालेला माणूस न्याहारी एका राज्यात करायचा, बैलांना पाणी दुसऱ्या राज्यात पाजायचा आणि बाजार तिसऱ्या राज्यात गाठायचा. आमचे राज्य कुठे संपते ते सांगायला आष्ट्याच्या वाटेवर एक दगड होता. कमरेएवढा उंच, काळा, एका अंगाला संस्थानचे नाव कोरलेले, आणि येणारे-जाणारे टेकून टेकून माथ्याला गुळगुळीत झालेला. आम्ही आष्ट्याहून परत येताना आई त्या दगडापाशी थांबायची. फडक्यातली भाकरी काढून तुकडा मोडायची, माझ्या तोंडावरून ओवाळायची आणि मागे, आष्ट्याच्या बाजूला, टाकून द्यायची. शीव ओलांडताना पोराच्या मागे काही लागून येऊ नये म्हणून तान्ह्या मुलांवरून असा भाकरतुकडा टाकतात. हौसावरून तिने तो दोन-तीन वर्षेच टाकला असेल. माझ्यावरून मात्र मला मिसरूड फुटले तरी टाकत होती. मी लाजून ऊस बघत उभा राहायचो आणि हौसा खुदुखुदु हसायची.

आबा पलटणीत हवालदार होते. लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन घरी आले आणि त्यांनी घराचीच पलटण केली. सकाळी अंथरुणाच्या घड्या एका मापाच्या हव्यात, तांब्या रांजणाच्या उजव्या अंगालाच हवा, आणि जेवताना बोलायचे नाही. हा शेवटचा हुकूम ते स्वतःच रोज मोडायचे, कारण जेवतानाच त्यांना सगळ्या लढाया आठवायच्या. आई चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी थापायची. तव्यावर भाकरी टम्म फुगली की तिचा एक मऊ फस्स आवाज यायचा, आणि आबांची तोफ नेमकी त्याच वेळी उडायची. माझे पुढे काय करायचे हे त्यांनी केव्हाच ठरवले होते. त्यांचा एक जुना जोडीदार लोणंदला राहायचा. तिकडे भरतीवाले आले की तो कळवणार, आबा मला घेऊन जाणार आणि मी त्यांच्याच पलटणीत उभा राहणार. नाही म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती.

पण मला मोजणीचे वेड लागले होते. मी सातवी पास झालो त्या वर्षी आमच्या मळ्याच्या बांधावर एक मोजणीदार आले होते, आणि त्यांनी साखळीचे एक टोक माझ्या हातात दिले होते. दिवसभर मी ती लोखंडी साखळी ओढत फिरलो, गुडघ्यापर्यंत कुसळे भरली, आणि दिवस कलताना त्यांनी मला कागद दाखवला. आमचा वाकडातिकडा मळा त्या कागदावर जसाच्या तसा उतरला होता, विहिरीसकट. मला ते इतके आवडले की मी त्यानंतर सुतळीला गाठी मारून परस, गोठा, देवळाचा पार, जे दिसेल ते मोजत सुटलो. म्हशीलाही मोजले. त्यामुळे संस्थानने सांगलीत मोजणीचा वर्ग काढला आहे, सहा मुले घेणार आहेत आणि वर्ष झाले की खात्यात नोकरी देणार आहेत, असे कळले तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही. आबांनी माझे तसेच राहिलेले ताट पाहिले. मग म्हणाले, "एक डाव बघ. हितं जमलं तर ठीक, न्हाई जमलं तर लोणंद. मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

वर्गाला अट एकच होती: मुलगा संस्थानची रयत असला पाहिजे. मी अर्ज भरायला बसलो. त्यात एक रकाना होता, जन्मस्थळ. माझ्याबरोबर अर्ज भरणाऱ्या सगळ्या मुलांनी तिथे आपापल्या गावाचे नाव घातले. मी घातले आष्टा. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणतात आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की पाळण्यासकट सासरी पोचवतात. माझाही जन्म असा मामाच्या घरी झालेला. पाळण्यात वाढलो, पोहायला शिकलो, पडलो, झडलो ते सगळे बोरखडीत. पण जन्मलो कुठे, तर आष्ट्यात. मला वाटले, मोजणीदार व्हायचे तर माप चोख दिले पाहिजे. इतका शहाणा मुलगा त्या अर्जांच्या गठ्ठ्यात दुसरा नव्हता.

तीन आठवड्यांनी कचेरीचे पत्र आले. उमेदवाराचा जन्म परमुलखातला दिसतो. सबब त्यास रयत म्हणून दाखल करून घेण्यापूर्वी चौकशी होईल. जन्माच्या नोंदीचा उतारा आणावा. जन्मसमयी हजर असलेल्या कुटुंबातील जबाबदार व्यक्तीस घेऊन मुलाखतीस यावे. मंजुरी मिळाल्यास पाडव्याच्या दरबारात शपथ होईल. आबांनी पत्र मोठ्याने वाचले. पहिली बोलली ती हौसा. ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "या पावणं, बसा. कुठल्या गावचं म्हनायचं तुमी?" त्या दिवसापासून तिने मला दादा म्हणणे सोडले. जेवायला हाक मारताना पावणं, भांडताना पावणं. मी तिच्या मागे धावलो की ती म्हणायची, "मी हितली हाय. मला मारलं तर राजाकडं जाईन."

आबांनी लगेच आपला कोट आणि पदके बाहेर काढली. जबाबदार व्यक्ती म्हणून तेच जाणार होते. आईने पदके पुसून दिली आणि मग सावकाश विचारले, "आवं, पर तुमी तवा कुटं हुता?" आबांनी कोट परत खुंटीला लावला. माझ्या जन्माच्या वेळी ते सरहद्दीवर होते. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिले ते मी सव्वा वर्षाचा झाल्यावर, आणि मी त्यांना पाहून भोकाड पसरले होते. आजी-आजोबा आता हयात नव्हते, बापूमामा मी जन्मलो त्या दिवशी बाजाराला गेला होता. जन्माच्या वेळी हजर असलेले घरात एकच माणूस होते. "मंजे आता मी कचेरीत जायाचं?" आई म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी करपू दिली. असे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

उताऱ्यासाठी आबा मला साताऱ्याला घेऊन गेले, कारण आष्ट्याचे जुने दप्तर तिकडे गेले होते. सर्व्हिस मोटारीत कऱ्हाडपर्यंत मी उभा होतो आणि पुढे एका गुळाच्या ढेपेवर बसलो. सातारा मला फार मोठे वाटले. एका बाजूला किल्ला, खाली चढउताराचे रस्ते, आणि प्रत्येक चढ पाहून मी मनात म्हणत होतो, इथे साखळी कशी धरायची? कचेरीतल्या म्हाताऱ्या दप्तरदारांनी चोपडी काढली, धूळ झटकली आणि बोट ठेवले. मौजे आष्टा, पुरुष जातीचे मूल. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे तू आमच्या जिल्ह्याचा. मग तिकडे संस्थानात कशाला मरायला जातोस?" काय गंमत आहे पाहा. ज्यांना मी नको होतो त्यांच्या दारात माझे हेलपाटे, आणि ज्यांना हवा होतो त्यांच्याकडे मी उतारा मागत होतो. येताना आबांनी कंदी पेढे घेतले. मुलाखत व्हायच्या आधीच पेढे का, असे मी विचारले नाही. घरी आल्यावर त्यांनी ते देवापुढे ठेवून दिले आणि कोणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. आठवडाभर आम्ही मुंग्या हाकलत होतो.

तो आठवडा म्हणजे आमच्या घरी कवायत होती. आबा साहेब व्हायचे आणि बाजेवर बसायचे. मी पुढे ताठ उभा. संस्थानची गावे किती, नद्या कोणत्या, महसूल कुठे भरता, देव कोणता. मी घडाघडा सांगायचो. मग आईची पाळी यायची. ती हातातले काम सोडायची नाही. आबा विचारायचे, "मुलाचा जन्म कोणत्या तारखेस झाला?" आई सुपातले दाणे घोळवत म्हणायची, "हरभरा घाट्यावर आल्ता." आबा कपाळाला हात लावायचे. "आगं, सायबाला हरभरा सांगतीस व्हय? तारीख सांग." "सायबानं हरभरा खाल्ला नसंल व्हय कवा?" आई म्हणायची. मला रात्रंदिवस एकच भीती वाटत होती. माझी सगळी आयुष्याची मोजणी या बाईच्या जबानीवर अवलंबून होती, आणि ती तारखेऐवजी हरभरा सांगत होती.

मुलाखतीला आम्ही गाडी जुंपून पहाटेच निघालो. आईने इरकली लुगडे नेसले होते आणि मांडीवर भाकरीचे गाठोडे घट्ट धरले होते. सांगलीच्या कचेरीत लाकडी जिना होता. त्यावर चढताना तिने पायरीला हात लावून नमस्कार केला, देवळात करतात तसा. वरच्या दालनात हिरवे कापड घातलेले टेबल, त्यामागे मुलाखत घेणारे अधिकारी, रावसाहेब. ते वयस्क होते, डोक्याला पगडी, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावे लागायचे. शेजारी एक कारकून लेखणी सरसावून बसला होता आणि दाराशी म्हादू नावाचा शिपाई उभा होता. आबांना बाहेरच्या बाकावर बसवले, त्यामुळे त्यांची पदके कोणी पाहिलीच नाहीत. मला विचारलेल्या प्रश्नांची मी उत्तरे दिली. नद्या सांगितल्या, गावे सांगितली, गुंठ्यात हात किती तेही न विचारता सांगितले. रावसाहेबांनी मान हलवली. मग कारकुनाने अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाला, "बाकी सगळे बरोबर आहे साहेब, पण जन्म आष्ट्याचा. परमुलखातला. नियमाप्रमाणे याला रयत म्हणता येत नाही."

रावसाहेब आईकडे वळले. "बाई, मुलाचा जन्म आष्ट्यात झाला?"

"व्हय. माझ्या म्हायारी."

"आणि संस्थानच्या हद्दीत तो पहिल्यांदा कधी आला?"

"तीन म्हैन्याचा हुता. माझा भाऊ घालवाय आल्ता गाडी घेऊन. शिवंवर दगूड हाय न्हवं का, तितं माझ्या आयनं भाकरतुकडा वोवाळला आन् गाडी अलीकडं आली. तवापास्नं ह्यो हितंच हाय."

कारकून लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे जन्माने बाहेरचाच."

मी खाली पाहिले. माझ्या डोळ्यांपुढे लोणंद आले. तेवढ्यात आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रावसाहेबांना विचारले, "सायेब, एक इचारू का? तुमी थोरलं का धाकटं?"

कारकुनाची लेखणी थांबली. "बाई, प्रश्न साहेबांनी विचारायचे असतात."

"विचारू द्या," रावसाहेब म्हणाले. "मी थोरला. का हो?"

"मग तुमचा जल्म कुटं झाला?"

रावसाहेब उत्तर द्यायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "कुंडलला," ते म्हणाले. "माझ्या आजोळी."

"कुंडल तर आपल्या राजाचं न्हाई," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती खरोखरच हिशेब जुळवत होती. "आमच्यात थोरली पोरं समदी म्हायारीच हुत्यात, सायेब. आन् आपल्याच राज्यातली पोरगी करायची म्हटलं तर हितं गावं हायतीच किती? म्हंजे थोरली समदीच भाईरची झाली की. ह्या पोरानं खरं लिवलं, म्हणून त्योच घावला."

रावसाहेब कारकुनाकडे वळले. "तुम्ही?"

कारकून दौतीत पाहत राहिला. "मी... थोरलाच, साहेब. जन्म वाईचा."

त्यावर दारातून म्हादू शिपाई अदबीने म्हणाला, "मी धाकटा हाय, सायेब. मी हितलाच."

रावसाहेब आधी आवाज न करता हसले. नुसते खांदे हलत होते. मग चष्मा टेबलावर ठेवून त्यांनी डोळे पुसले, आणि मग कारकूनही हसला, आणि मी हसावे की नाही ते न कळून तसाच अटेन्शनमध्ये उभा राहिलो. आई मात्र हसली नाही. तिला वाटले आपले काही चुकले, म्हणून ती गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. रावसाहेबांनी माझा अर्ज ओढून घेतला आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले. "मंजूर," ते म्हणाले. "या संस्थानात उद्या बाहेरचे लोक काढायचे ठरले, तर कचेरीला कुलूप लावायला एक म्हादू तेवढा उरेल." खाली उतरल्यावर आबांनी विचारले, काय झाले. आई म्हणाली, "काय न्हाई, सायेब बी आपल्यासारखंच आजोळी जल्मल्यात." आम्ही कचेरीच्या आवारात झाडाखाली बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तशी भाकरी मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

शपथ पाडव्याला होती, आणि मधले महिने मी जमिनीवर नव्हतो. शपथेचा छापील कागद मिळाला होता, तो मी इतक्या वेळा घोकला की हौसालाही पाठ झाला. भांडी घासताना ती माझ्या आवाजात म्हणायची, मी इमानाने आणि निष्ठेने सेवा करीन आणि संस्थानच्या हद्दीचा एकही दगड जागचा हलू देणार नाही. गुऱ्हाळ सुरू होते. कढईतल्या रसाचा वास गावभर पसरलेला असायचा, चिपाडाचा जाळ भगभगत असायचा, आणि मी रस प्यायला गेलो की गुळव्या म्हणायचा, "मोजणीदार, आदी शपत म्हना, मग रस." मी म्हणायचो. माणसे काम थांबवून ऐकायची. गुळव्या कढईत दांडा फिरवत मान डोलवायचा आणि मग मला गरम काकवीत बुडवलेली उसाची कांडी द्यायचा. आबांनी मला पांढरा फेटा बांधायला शिकवले. रोज सकाळी बांधायचा, आबा तो एका झटक्यात सोडायचे आणि म्हणायचे, "पुन्यांदा." लोणंदचे नाव त्यांनी काढले नव्हते, पण विसरलेही नव्हते. दरबारात शपथ झाली की मगच आपण मानू, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

इंग्रज गेल्याला सहा महिने होऊन गेले होते. आष्ट्याला तिरंगा होता, आमच्याकडे अजून राजाचे निशाण. एका दुपारी आष्ट्याचा बाजार करून आलेला माणूस गुऱ्हाळावर ओरडतच आला की संस्थाने गेली, आपले राज्य त्यांच्यात मिळाले, आता सगळा एकच देश. कढईखालचा जाळ तसाच सोडून माणसे चावडीकडे धावली. ढोल निघाला, गुलाल निघाला, नव्या गुळाचे खडे वाटले गेले. मीही नाचलो. खोटे कशाला सांगू, अगदी मनापासून नाचलो. आणि नाचता नाचता मध्येच थांबलो. राजाच नाही तर दरबार कुठला, आणि दरबार नाही तर माझी शपथ कुठली? आख्खा देश मोकळा झाला त्या दिवशी मी एकटा गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोके टेकून उभा होतो. याची मला पुढे बरीच वर्षे लाज वाटत आली. आता वाटत नाही. अठरा वर्षांच्या पोराला देशाएवढीच स्वतःची नोकरी मोठी असते.

पाडवा आला आणि गेला. दारात गुढी उभी राहिली, कडुलिंब खाल्ला, पुरणपोळी झाली, फेटा घडी घालून तसाच ट्रंकेत. कचेरीचे काही पत्र नाही. हौसाने त्या दिवसापासून मला पावणं म्हणणे बंद केले, आणि मला तेच जास्त लागले. चैत्र संपत आला तेव्हा लोणंदहून आबांच्या जोडीदाराचे कार्ड आले. भरतीवाले येत आहेत, पोराला घेऊन ये. आबांनी आपली लोखंडी ट्रंक रिकामी केली, आतून पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. ते रागाने बोलले नाहीत. "बोलनं झालंया आपलं," एवढेच म्हणाले. मी दोन सदरे घातले, एक पंचा घातला. सगळ्यांत खाली गाठी मारलेली सुतळी ठेवली. आईने दशम्या केल्या आणि फडक्यात बांधून दिल्या.

आम्ही निघणार होतो त्याच सकाळी टपालवाला आला. पत्रावर जुने निशाण खोडून शाईने नवे नाव लिहिले होते. मोजणीचा वर्ग चालू राहील, उमेदवारांनी शपथेसाठी कचेरीत हजर व्हावे. आबांनी ते उभ्याने वाचले, मग खाली बसून पुन्हा वाचले. मग उठले, माझ्या ट्रंकेतले सदरे एकेक करून बाहेर काढले, नीट घड्या घातल्या आणि दोरीवर ठेवले. "हुकूम आला," ते म्हणाले. "हुकूम मोडायचा न्हाई." माझ्याकडे मात्र पाहत नव्हते. हौसा उंबऱ्यातून ओरडली, "पावणं, पेढं हायत का अजून?" पेढे कधीच मुंग्यांनी संपवले होते.

दरबार नव्हता, सनई नव्हती, फेटा बांधून आलेला मी एकटाच होतो. कचेरीच्या लांब सोप्यात आम्हा सहा मुलांना ओळीने उभे केले. नव्या शपथेच्या छापील प्रती अजून आल्या नव्हत्या. कारकुनाने हाताने लिहिलेला एकच कागद होता. नवे आलेले अधिकारी तरुण होते. त्यांनी वाचायचे आणि आम्ही मागून म्हणायचे असे ठरले. तेवढ्यात आतून रावसाहेब आले. त्यांची पगडी नव्हती, साधी काळी टोपी होती. मला वाटले ते खुर्चीवर बसतील. ते आमच्या ओळीत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. "जुनी पाठ केली होतीस का?" त्यांनी हळूच विचारले. मी म्हटले, हो. "मीसुद्धा. तुझ्याएवढा होतो तेव्हा," ते म्हणाले. "आता मलाही नवी घ्यायची आहे." त्यांच्या मागोमाग कारकून उभा राहिला आणि टोकाला म्हादू शिपाई. रावसाहेबांनी वाकून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हादू, आज थोरले-धाकटे सगळे एका ओळीत." आम्ही हात पुढे केले. नव्या शपथेत दगडांचा उल्लेख नव्हता. देशाचे नाव उच्चारताना माझा आवाज फुटला, आणि शेजारून रावसाहेबांचा हळू आवाज, तोही मध्येच अडखळलेला, मला स्पष्ट ऐकू आला. त्या क्षणी मला जे वाटले ते मला नीट लिहिता येणार नाही. आनंद झाला, एवढेच लिहितो.

वर्ग संपल्यावर मला पहिले काम मिळाले ते आमच्याच वाटेवर. गावांच्या शिवा आहेत तशाच राहणार होत्या, पण संस्थानचे नाव कोरलेले दगड काढून तिथे साधे दगड बसवायचे होते. ज्या हातांनी एकही दगड हलू देणार नाही असे घोकले, त्याच हातांनी मी पहार धरली. साखळी लावून जागा पक्की केली, खुणा घेतल्या, आणि मग चौघांनी मिळून तो काळा दगड उपटला. खाली ओली माती आणि दोन गांडुळे निघाली. माझ्यावरचे मोजणीदार म्हणाले, ओढ्यात ढकला. तोवर आई आणि हौसा आमची न्याहारी घेऊन बोरखडीकडून आल्या होत्या. आईने दगडाला चारी बाजूंनी पाहिले, माथ्यावरून हात फिरवला. "टाकू नगा," ती म्हणाली. "धुण्याला लय बरा हाय." मोजणीदारांना हसू आवरेना. गाडीतून आम्ही तो घरी आणला आणि परसात बसवताना आई म्हणाली, "अक्षरं खाली घाल रं, लुगड्याला लागत्याल." आजही तो तिथेच आहे. नातसुनेने यंत्र आणले आहे, पण पायपुसणी अजून त्याच्यावरच आपटली जातात, आणि आमच्या पोरांपैकी कोणाला त्याच्या पोटाखाली एक राज्य आहे हे ठाऊक नाही.

पण त्या सकाळचे एक सांगायचे राहिले. नव्या दगडाचे माप घ्यायला मी साखळी ओढत आष्ट्याच्या अंगाला गेलो होतो. मोजून परत आलो तर आई त्या खड्ड्यापाशी उभी. "थांब," ती म्हणाली. तिने गाठोडे सोडले, भाकरी काढली, तुकडा मोडला. मोजणीदार बघत होते, गडी बघत होते. मी एकोणीस वर्षांचा सरकारी माणूस, पण मुकाट्याने उभा राहिलो. आईचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला. तिने मागे आष्ट्याच्या उसाकडे पाहिले, पुढे बोरखडीच्या उसाकडे पाहिले, पायाखालच्या खड्ड्याकडे पाहिले. मग हात खाली घेतला, तुकड्यावर बोटाने थोडा ठेचा लावला आणि तो माझ्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "आता टाकायचा कुनीकडं?"